ट्युनिक, तलवार आणि टाइमपासच्या पलीकडचं रोम

वीकेंडला ट्रेकला जाणारे, सालसा शिकणारे, झालंच तर गिटारच्या क्लासला जाणारे कलीग्ज तुमच्याही ऑफिसात असतील. पण शनिवारी कॉम्प्युटर बंद करून चिलखत चढवणारा कलीग? रोममध्ये असेही भेटतात. आठवडाभर नऊ ते सहा आणि सुट्टीच्या दिवशी थेट रोमन सैनिक!

२१ एप्रिल हा रोमचा वाढदिवस. इ.स.पू. ७५३ मध्ये या दिवशी शहर वसलं, अशी परंपरा. त्या सुमारास ग्रूपो स्तोरिको रोमानो या १९९४ पासूनच्या संस्थेच्या पुढाकाराने ठिकठिकाणचे हौशी 'रोमन' सर्कस मॅक्सिमस या रथांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानावर जमतात. लाल ट्युनिक, शिरस्त्राणं, ढाली आणि दगडी रस्त्यावर खिळे ठोकलेल्या चपलांचा आवाज... अंगावर काटाच!

पण नुसतं बघून कसं चालेल? शहरात ग्लॅडिएटर स्कूल्सही आहेत, टुरिस्टांना दोन तासांत झलक देणाऱ्या. अशाच एका क्लासला मी नाव नोंदवलं. ट्युनिक, कमरेला पट्टा, हातात लाकडी तलवार. तिचं नाव रुडिस. ग्लॅडिएटरला मुक्त करताना तीच द्यायचे म्हणे. पहिला धडा : आधी ढाल, मग तलवार. दहाव्या मिनिटाला दंड भरून आले. जिमवाल्यांनो, ट्राय करा!

मग चिलखत. एकावर एक सरकणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आतून चामड्याने जोडलेल्या. हे सगळं कल्पनेतून आलेलं नाही. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिजला एक लाकडी पेटी सापडली, त्यात अशा चिलखतांचे भाग होते. त्यावरून अभ्यासकांनी त्याची रचना उलगडली.

सिनेमातल्या रोमची मात्र इथे पार वाट लागते. अंगठा खाली म्हणजे मृत्यू, हे आपल्या डोक्यात बसवलं ते जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्राने. जुने रोमन लेखक अंगठा 'वळवल्याचं' सांगतात. कुठल्या दिशेला, ते नाही.

फोटोच्या वेळी आमच्यातल्या एका मुलाने हात सरळ ताणून 'रोमन सलाम' ठोकला. इतका वेळ जोक मारणारा इन्स्ट्रक्टर एकदम गंभीर झाला. "तो हात खाली." त्या सलामाला प्राचीन रोमचा भक्कम पुरावा नाही. तो आला दाविदच्या १७८४ च्या चित्राकडून, मग नाटक-सिनेमांतून, आणि शेवटी मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी उचलला. फोरमच्या अवशेषांमधून जाणारा रुंद रस्ताही मुसोलिनीनेच १९३२ मध्ये खुला केला, स्वतःच्या परेडसाठी. इतिहासाचे कपडे घालून कोण काय करू शकतं, हे इथल्या लोकांनी भोगलंय. म्हणूनच पट्ट्याच्या बकलपर्यंत पुरावा मागण्याची त्यांची खोड मला चिकटपणा वाटली नाही.

"तुमच्याकडे रोमन पोचले होते का?" एका 'सैनिकाने' विचारलं. मी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडनच्या छोट्याशा ब्राँझ मूर्तीबद्दल सांगितलं. ती आजही कोल्हापूरच्या म्युझियममध्ये आहे. गडी खूश! आणि बाई ग्लॅडिएटर शोभते का, असं कुणाला वाटत असेल तर ब्रिटिश म्युझियममधलं तुर्कस्तानातून आलेलं शिल्प बघा. त्यात अ‍ॅमेझॉन आणि अकिलिया या दोघी समोरासमोर उभ्या आहेत, ढाली घेऊन.

जायचा प्लॅन असेल तर एप्रिलचा तिसरा आठवडा गाठा. मेट्रोची बी लाइन, स्टेशन चिर्को मासिमो. कोलोसियमबाहेर पैसे घेऊन फोटो काढू देणारे 'सेंच्युरियन' भेटले तर ते वेगळे. पालिकेने २०१५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली होती. खऱ्या हौशी रोमनाला ओळखायची सोपी खूण आहे : त्याला चपलेच्या खिळ्यांबद्दल विचारा. अर्धा तास सुटका नाही!