एका अक्षराचे दोन उच्चार

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत कुटुंबांच्या भेटीस गेलो की मुलांची इंग्रजीची पुस्तके आम्ही हटकून चाळतो. बहुतेक पुस्तकांत शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिलेला असतो. मूल तेवढे वाचते. खालच्या इंग्रजी अक्षरांशी त्याची ओळखच होत नाही. सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, तरीही दहावीच्या उंबरठ्यावरील पुष्कळ मुलांना अनोळखी शब्द वाचण्याचे धैर्य होत नाही. ‘इंग्रजीला नियमच नाहीत, पाठच करावे लागते’ असे त्यांच्या मनावर बिंबलेले असते.

नियम आहेत. त्यांतील एक तर आपल्या घरातच नांदतो. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. पहिल्यातील ‘च’ दातांशी होतो, दुसऱ्यातील टाळूशी. पुढे ‘ई’चा स्वर येणार म्हणून जीभ आधीच टाळूकडे सरकते. हे कोणत्याही गुरुजींनी शिकवलेले नसते.

इंग्रजीतील ‘सी’ या अक्षराची हीच कथा आहे. त्याच्यापुढे ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ हे अक्षर आले की ‘स’, एरवी बहुधा ‘क’. ‘सिटी’त ‘स’, ‘कॅट’मध्ये ‘क’. आणि ‘सायकल’ या एकाच शब्दात दोन्ही! सेमिनरीत लॅटिन शिकताना याचे मूळ आम्हांस उमगले. प्राचीन रोमन ज्याला ‘किकेरो’ म्हणत, त्याला चर्चच्या लॅटिनमध्ये ‘चिचेरो’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘सिसेरो’. पुढच्या स्वराने ‘क’ला ओढून नेले, फ्रेंचमार्गे ती सवय इंग्रजीत आली.

‘सीएच’ या जोडीचेही तसेच. ‘चर्च’, ‘चाइल्ड’ या जुन्या इंग्रजी शब्दांत ‘च’. ग्रीकमार्गे आलेल्या ‘स्कूल’, ‘कोरस’, ‘मायकल’ यांत ‘क’. फ्रेंचमधून मागाहून आलेल्या ‘मशीन’, ‘शेफ’ यांत ‘श’. शब्दाचे माहेर कळले की उच्चार पुष्कळदा आपोआप उलगडतो.

अपवाद पुष्कळ आहेत, हे खरे. पण त्यांनाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये छापखाना काढला. पुढे लेखन हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइफ’मधील आरंभीचा ‘के’ त्या काळी खरोखरच उच्चारला जाई. म्हणून आज एखादे मूल ‘क्नाइफ’ वाचते तेव्हा ते लिहिलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवत असते. फक्त काही शतके उशिरा आलेले असते!

अशा मुलाला वर्ग हसतो. परप्रांतीयाने रोमी लिपीतील पाटी पाहून ‘वाई’ला ‘वै’ म्हटले तर आपण त्याला प्रेमाने समजावतो. मग आपल्याच लेकरावर हा अन्याय का? एकदा हसे झालेले मूल मोठ्याने वाचणे सोडते, आणि वाचणे सुटले की पुढची कितीतरी दारे त्याला बंद होतात.

शिक्षकांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. पुस्तकातील देवनागरी उच्चार हळूहळू खोडावेत. रोज एकाच वळणाचे पाच शब्द मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत आणि नियम त्यालाच शोधू द्यावा. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही यात वाटा आहे: ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ यांतील भेद मुलाने तिच्याच तोंडून उचललेला असतो.