कुंड्यांखालच्या बशा

आजोबा गेले आणि दांडिया बाजारातलं घर सोडून आजी आमच्या फ्लॅटवर आली, ती अकरा कुंड्या घेऊनच. कुणाशी फारसं बोलत नसे, पण सकाळी सहाला बाल्कनीत हजर. "मोगऱ्याला कळी आलीय गं," हे इथे आल्यावर ती आपणहून बोललेलं पहिलं वाक्य.

तिचा हात अंगणाचा, तांब्या-तांब्याने पाणी घालणारा. खालच्या मजल्यावर पाणी गळू लागलं, तेव्हा कुंड्यांखाली बशा मीच आणून ठेवल्या.

पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला. आई चार रात्री दवाखान्यात. घरोघरी तपासणीला आलेल्या ताईंनी एक बशी उचलून दाखवली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी समजत होते की डास गटारात होतात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो, ८-१० दिवसांत त्यांचे डास होतात. भावाला चावलेला डास आमच्याच बाल्कनीतला होता का, कोण सांगणार? पण बशा मी आणल्या होत्या.

"सगळ्या कुंड्या देऊन टाका," आई म्हणाली. आजी गप्प. दुसऱ्या दिवशी आठ वाजले तरी ती अंथरुणातच पडून होती.

कुंड्या राहिल्या. आता आजी माती बोटाने चाचपून मगच पाणी घालते. दर रविवारी मी बशा ब्रशने घासते. अंडी काठाला चिकटतात, कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही.

आई अजून बाल्कनीत फिरकत नाही. आमटीला कढीपत्ता लागला की मला पाठवते.