सयानी रोडवरचा रशिया आणि आजचं युद्ध

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

प्रभादेवीत सयानी रोडवर भूपेश गुप्ता भवन आहे, तिथे लोकवाङ्मय गृह. आपल्या भागात चाळिशी-पन्नाशीला पोचलेल्या कित्येकांनी सोव्हिएत पुस्तकं पहिल्यांदा तिथे पाहिली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, पक्की बांधणी आणि किंमत अशी की गिरणी कामगाराच्या खिशालाही झेपावी. अनिल हवालदारांसारख्यांनी केलेली मराठी भाषांतरं त्यात असायची. आमच्या घरातही अशी दहा-बारा पुस्तकं होती. १९९१ साली सोव्हिएत युनियन संपलं तेव्हा मी शाळेत होतो. एक देश संपतो म्हणजे काय होतं ते तेव्हा समजलं नाही. पुस्तकं यायची बंद झाली, एवढंच समजलं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे आपल्या भागात युक्रेनच्या युद्धाबद्दल जे बोललं जातं त्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या पुस्तकांत आणि त्या मैत्रीत आहे. नाक्यावर ऐका. जुने लाल बावट्याचे काका म्हणतात, "नाटोनं डिवचलं, रशिया काय करणार?" त्यांच्याशी जन्मभर भांडलेले दुसऱ्या बाजूचे काका म्हणतात, "नेता असावा तर पुतिनसारखा, कुणाला विचारत नाही." गिरणगावात या दोन पक्षांचं कधी कशावर जमलं नाही, या एकाच माणसावर जमलं. एकाला त्याच्यात अजून लेनिनचा देश दिसतो, दुसऱ्याला कुणाचं न ऐकणारा नेता. त्या माणसाच्या शेजाऱ्यांना काय दिसतं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

पहिला घोळ नावाचाच आहे. सोव्हिएत म्हणजे रशिया असं आपण धरून चाललो. सोव्हिएत युनियन पंधरा प्रजासत्ताकांचं होतं. ज्यांना आपण सरसकट "रशियन लेखक" म्हणतो त्यातला गोगोल जन्मला युक्रेनमध्ये. चिंगीझ ऐत्मातव किरगिझ होता. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, त्या स्टालिनग्राडला लढणाऱ्यांत रशियन होते तसे युक्रेनी, जॉर्जियन, कझाक, उझबेकही होते. हिटलरला हरवल्याचं श्रेय या सगळ्यांचं आहे. मग ती जुनी मैत्री आपण एकट्या मॉस्कोच्या नावावर का चढवली?

आता शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघू. १९५६ साली बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. १९६८ साली प्रागमध्ये शिरले. लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया हे तीन छोटे देश तर १९४० साली गिळलेच गेले होते. त्यामुळे कम्युनिस्ट राजवटी पडल्यावर या मंडळींनी पहिलं काम काय केलं, तर नाटोचं दार ठोठावलं. पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक १९९९ साली आत गेले, बाल्टिक देश २००४ साली. "नाटो रशियाच्या दारात आली" हे अर्धं वाक्य आहे. "शेजारी नाटोच्या दारात गेले" हे दुसरं अर्धं. मॉस्कोला हे खुपणार होतं आणि पाश्चात्त्यांनी ते फार हुशारीनं हाताळलं असं मीही म्हणणार नाही. पण भीती खरी होती.

युक्रेन मात्र बाहेर राहिला. सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा त्याच्या भूमीवर हजारो अण्वस्त्रं होती. १९९४ च्या बुडापेस्ट करारात ती सोडण्याच्या बदल्यात त्याच्या सीमांचा मान राखू असं रशिया, अमेरिका आणि ब्रिटननं लिहून दिलं. २०१४ साली क्रिमिया गेला आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला पूर्ण चढाई झाली. तो कागद काय कामाचा होता, हे जगातल्या प्रत्येक छोट्या देशानं पाहिलं. पिढ्यान् पिढ्या तटस्थ राहिलेले फिनलंड आणि स्वीडन त्यानंतरच नाटोत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन बाल्टिक देशांनी रशियाशी जोडलेली विजेची जाळीच तोडली. म्हणजे घरातला दिवा कुणाच्या तारेवर लागतो, हासुद्धा तिथे संरक्षणाचा प्रश्न झाला.

"आपल्याला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख. २६ फेब्रुवारी २०२२. युक्रेनमधून सुटलेल्या भारतीयांना घेऊन पहिलं विमान आलं ते आपल्या मुंबईत. रुमानियातल्या बुखारेस्टहून, २१९ जणांना घेऊन. बहुतेक सगळी मेडिकलची मुलं. इथे खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून ही पोरं तिकडे गेली होती. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्यांना दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत शिक्षण पूर्ण करायची मुभा दिली. नवी मुलंही आता जॉर्जिया, उझबेकिस्तान, किरगिझस्तान, कझाकस्तानला जातात. नकाशा काढून बघा, सगळे जुने सोव्हिएत प्रांत. एके काळी तिथली पुस्तकं आपल्या घरी यायची, आता आपल्या घरची मुलं तिथे जातात.

म्हणूनच ओळखीचे पालक मला विचारतात, "दादा, तुम्ही पेपरवाले. जॉर्जिया सेफ आहे का हो?" बॉम्ब पडताहेत का या अर्थानं विचारलं तर हो, सेफ आहे. पण एखादा देश सुरक्षित आहे की नाही हे फक्त बॉम्बवरून ठरत नाही, आणि तिथेच मला या पोस्टचा खरा मुद्दा सापडला. युद्ध ज्या देशात चालू आहे तिथली लोकशाही तर ते बदलतंच, शेजारच्या देशातलीही बदलतं.

आधी रशिया. चढाईनंतर दहा दिवसांच्या आत तिथे कायदा झाला. लष्कराबद्दल "खोटी माहिती" पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. युद्धाला "विशेष लष्करी कारवाई" म्हणायचं, युद्ध म्हणायचं नाही. दिमित्री मुरातव यांना २०२१ चं शांततेचं नोबेल मिळालं होतं. त्यांच्या 'नोवाया गझेता'ला महिनाभरात छपाई थांबवावी लागली. अलेक्सेई गोरिनव हा मॉस्कोतला एक साधा स्थानिक लोकप्रतिनिधी, आपल्या भाषेत वॉर्डाचा नगरसेवक म्हणा. लहान मुलांची चित्रकला स्पर्धा घ्यायची का यावर बैठक चालू होती. तो म्हणाला, युक्रेनमध्ये मुलं मरत असताना स्पर्धा कसल्या घेता? जुलै २०२२ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. पुतिन कुणाला विचारत नाहीत याचं कौतुक करणाऱ्यांनी, त्यांना विचारणाऱ्याचं काय होतं तेही बघावं.

आता जॉर्जिया. २००८ साली रशियाशी पाच दिवसांचं युद्ध होऊन त्यांचे दोन प्रांत हातचे गेले. भीती जिवंत आहे. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षानं पोस्टर लावली. एका बाजूला युक्रेनमधल्या उद्ध्वस्त इमारती, दुसऱ्या बाजूला जॉर्जियातल्या शाबूत. अर्थ असा की आम्हाला मत द्या नाहीतर युद्ध. त्याआधीच परदेशी निधी घेणाऱ्या संस्था आणि माध्यमांवर बंधनं घालणारा कायदा आणला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघात जाण्याची बोलणी २०२८ पर्यंत बाजूला ठेवली. लोक रुस्तावेली रस्त्यावर उतरले आणि रोज रात्री येत राहिले.

त्यात म्झिया अमाग्लोबेली हे नाव मला विसरता येत नाही. बाटुमी या बंदराच्या शहरात 'बाटुमेलेबी' नावाचं स्थानिक वृत्तपत्र तिनं उभं केलं. राजधानीतलं मोठं चॅनेल नाही, गावातला पेपर. जानेवारी २०२५ मध्ये निदर्शनांच्या वेळी पोलीस प्रमुखाच्या थोबाडीत मारल्याच्या प्रकरणात तिला अटक झाली, ऑगस्टमध्ये दोन वर्षांची शिक्षा. पोलिसावर हात उगारणं चूक, हे मान्य. पण एका थोबाडीला दोन वर्षं? युरोपीय संसदेनं त्याच वर्षी तिला साखारव पुरस्कार दिला. त्याच बाटुमीत भारतीय मुलंही मेडिकल शिकतात. पालकांनी "सेफ" विचारताना हेही विचारावं, की उद्या तुमच्या मुलाच्या कॉलेजात काही गैर घडलं तर ते छापणारा तिथे कुणी मोकळा असेल का.

मग युक्रेन एकदम धुतल्या तांदळासारखा का? नाही. लष्करी कायदा लागू आहे, म्हणून अध्यक्षांची मुदत मे २०२४ मध्ये संपूनही निवडणूक झाली नाही. २०२२ मध्ये रशियाधार्जिणे म्हणून अकरा पक्षांवर बंदी आली. पण २२ जुलै २०२५ ला झेलेन्स्कींनी भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे पंख कापणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा पुठ्ठ्यावर घोषणा लिहून पोरं-पोरी कीव्हच्या रस्त्यावर आल्या. डोक्यावर ड्रोन फिरत असताना. ३१ जुलैला संसदेनं त्या यंत्रणांचे अधिकार परत दिले. त्यांना कुणी "ही वेळ आहे का?" म्हणालं असेलच. पण त्यांनी विचारलं आणि सरकारला ऐकावं लागलं.

या सगळ्यात आपल्या सरकारनं काय केलं? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत १४१ देशांनी रशियाच्या चढाईविरुद्ध मत दिलं. तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत आपण होतो. १४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोत अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. युद्ध ऐन भरात होतं. दोनच दिवसांनी समरकंदला पंतप्रधानांनी पुतिनना तोंडावर सांगितलं की हे युग युद्धाचं नाही. एका हातानं पुतळा, दुसऱ्या हातानं कानउघाडणी. युद्धाआधी आपल्या आयात तेलात रशियाचा वाटा जेमतेम दोनेक टक्के होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. त्याच तेलाचं कारण देऊन ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर जादा २५ टक्के कर लावला. तेल स्वस्त मिळालं, पण हिशेब दुसऱ्या वहीत निघाला. तटस्थ राहायलाही पैसे पडतात. मला ही तटस्थता समजते. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाला तेल लागतं, शस्त्रांचे सुटे भाग लागतात. पण सरकारनं तटस्थ राहणं वेगळं आणि तुम्ही-आम्ही कोण कुणाच्या घरात घुसलं हे न बघणं वेगळं.

आणि युद्ध लोकशाहीचं काय करतं हे शिकायला आपल्याला तिबिलिसीपर्यंत जायची गरजही नाही. गिरणगावानं ते १९६२ सालीच पाहिलं. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, २६ ला देशात आणीबाणी लागली. कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून आपली छाती फुगली. पण भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांची धरपकडही झाली. डांगे यांच्या नेतृत्वाखाली पक्षानं नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच चीनच्या हल्ल्याचा निषेध केला होता, तरी लाल बावटा म्हणजे चीनचा हस्तक ही शिवी चिकटली ती चिकटलीच. १९६४ साली पक्ष फुटला. राजस्थानात देवळीच्या छावणीत चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतवासीयांना डांबलं गेलं, त्यात बायका-मुलं होती.

युद्ध महिनाभर चाललं. आणीबाणी १० जानेवारी १९६८ ला उठली. मध्ये १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध झालं हे खरं, तरी एका महिन्याच्या युद्धासाठी घेतलेले जादा अधिकार सव्वापाच वर्षं सरकारच्या हातात राहिले. त्यातूनही आपली लोकशाही तगली, कारण त्याच आणीबाणीत १९६७ ची निवडणूक झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी डांगेंना लोकसभेत पाठवलं. ज्यांना देशद्रोही म्हटलं जात होतं त्यांना लोकांनी मत देऊन उत्तर दिलं. मत द्यायची ती सोय शिल्लक होती, हा मुद्दा आहे.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला तेव्हा काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी चालवली. ती खोटी निघाली. त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर "कन्फर्म आहे का?" असं विचारणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आठवा. आपल्या सैनिकांवर विश्वास असणं आणि टीव्हीवरच्या निवेदकावर विश्वास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैनिकाला खोट्या बातमीचा काही उपयोग नाही.

माझ्यापुरता मी एक नियम केलाय. कुठल्याही युद्धात कोण जिंकतंय हे बघताना मी सोबत आणखी एक बघतो. युद्धाच्या नावाखाली सरकारनं घेतलेले अधिकार परत कधी करणार याची तारीख सांगितली आहे का, आणि ती विचारणारा बाहेर आहे की आत? गोरिनव आत गेला. अमाग्लोबेली आत गेली. कीव्हमधली पुठ्ठेवाली पोरं बाहेर राहिली. माझ्या हिशेबात हा फरक रणगाड्यांच्या संख्येपेक्षा मोठा आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली लिहा. जुन्या लाल बावट्याच्या काकांनी तर नक्की लिहा. १९६२ साली तुमच्या चाळीत कुणाला उचलून नेलं असेल, तर ते आठवून लिहिणारे आता फार थोडे उरले आहेत.