खाजकुहिली

दिवाळी सरली की नरोलीत कुंपणावरची खाजकुहिली वाळायला लागते. बोटभर शेंग, इंग्रजी एससारखी वळलेली, अंगावर सोनेरी लव. शाळेच्या वाटेवर ती काठीने तोडून कुणाच्या तरी कॉलरमध्ये सोडायची, ही आमची मर्दुमकी. एकदा वारा फिरला आणि लव माझ्याच मानेवर आली. पाणी ओतलं तर आग पाठभर पसरली. आजीने शेण थापलं, वाळल्यावर खरवडलं आणि वर दोन धपाटे घातले. त्या लवेत म्युकुनेन नावाचं एन्झाइम असतं, हे मला फार नंतर कळलं. ती खाज हिस्टामीनच्या वाटेने जातच नाही, म्हणून खाजेच्या नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. शेणाला दिली, ती बहुधा लवच उपटून आल्यामुळे.

हीच आजी थंडीत सेलवासच्या गांध्याकडून, म्हणजे जडीबुटीवाल्याकडून, कौचा आणायची. दुधात उकळायचा, सालं काढायची, कुटून तुपात भाजायचा, मग पाक. कौचा म्हणजे कुहिलीचंच बी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोण खाणार होतं!

दादांना कंपवात झाला आणि घरात लेवोडोपाची गोळी आली. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी हेच द्रव्य कुहिलीच्या बियांतून वेगळं काढलं होतं, पण त्याचं करायचं काय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. वीस वर्षांनी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन ससे निपचित पाडले (तेही आपल्या सर्पगंधेतलंच) आणि डोपा टोचून पुन्हा उठवले. मेंदूतलं डोपामीन आटलं की हालचाल थिजते. बाहेरून डोपामीन दिलं तर ते मेंदूच्या वेशीवरच अडतं. डोपा मात्र आत शिरतो आणि आत गेल्यावर डोपामीन होतो. १९७८ साली अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना खुद्द कुहिलीचं बी देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं.

ते वाचून मी विचारलं, मग पाकच देऊ का? डॉक्टरांनी हातच जोडले. गोळीत १०० मिलिग्राम म्हणजे १००. या वेलाच्या बीत किती आणि त्या वेलाच्या किती, कोण मोजणार? शिवाय डाळी जास्त झाल्या की गोळी रुसते, प्रथिनं आणि डोपा एकाच दारात गर्दी करतात. वालाचं बिरडं आता आमच्याकडे रात्रीच होतं.

सकाळी सातला गोळी. मग दादा सदरा घालून ओट्यावर बसतात, बटणं उघडी. मी लावायला गेलेलं खपत नाही, म्हणून पेपर वाचल्यासारखं करतो. पावणेआठच्या सुमाराला अंगठा हळूच काजापाशी जातो. काल गळ्याचं बटण लावता लावता म्हणाले, "कुंपणावरची कुहिली तोडायला सांग रे, पोरं जातात तिथून."

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.