बंगळूरचा वृक्षचित्रकार

मल्लेश्वरमातील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी मराठी प्रवासी आला की त्याची पावले तेथील शिलालेखाकडे वळावीत हे स्वाभाविकच आहे. कारण विजापूर दरबाराने शहाजीराजांना बंगळूर प्रांताची जहागीर दिल्यानंतर तीन दशकांनी, १६६९ साली, त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला इनाम दिले, त्याची ही नोंद आहे. तेव्हा हे देवस्थान रानात होते. पुढे १८९८ च्या प्लेगाने जुन्या पेठेतील माणसांना मोकळ्या हवेत घर शोधावे लागले, आणि देवाभोवती हा सरळ रस्त्यांचा, दुतर्फा सावली धरणाऱ्या झाडांचा वसाहतभाग वाढला. मी मात्र फाल्गुनात येथे आलो तो इतिहासासाठी नव्हे, तर या सावल्या आयुष्यभर रंगवीत राहिलेल्या एका माणसासाठी. आणि त्याचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही याचे मला वाईट वाटते.

रुमाले चन्नबसवय्या यांचा जन्म १९१० साली बंगळूरच्या उत्तरेस दोड्डबळ्ळापूर येथे झाला. तरुणपणी बंगळूरच्या कलामंदिरात व म्हैसूरच्या चामराजेंद्र तंत्रशाळेत त्यांनी कलेचे पहिले धडे घेतले खरे, पण स्वातंत्र्यलढ्याची हाक येताच ते शिक्षण अर्ध्यावर टाकून ते डॉ. ना. सु. हर्डीकरांनी स्थापिलेल्या सेवादलात शिरले, तुरुंगवास भोगला, पुढे ‘ताईनाडु’ या कन्नड दैनिकाचे संपादक झाले आणि विधान परिषदेतही बसले. सार्वजनिक आयुष्याची ही सर्व ओझी उतरवून पन्नाशीच्या सुमारास त्यांनी कुंचला पुन्हा हाती धरला, तेव्हा शाळा कोणतीच उरली नव्हती. म्हणूनच मी त्यांना स्वशिक्षित मानतो: पुढचे सारे त्यांनी झाडांपाशी बसून शिकून घेतले.

मल्लेश्वरमाच्या पश्चिमेस राजाजीनगर लागते. तेथील रुमाले कलागृहात त्यांच्या कृती जतन केल्या आहेत. गुलमोहराच्या चित्रांत रंग असे जाड लावलेले आहेत की फुलांचा तांबडा पृष्ठभागावरून वर उठून येतो, आणि बुंध्याखालची सावली काळी न राहता निळसर-जांभळी होते. उन्हात बसून, उन्हाकडे पाहूनच काढलेले चित्र असे असते, खोलीत बसून काढलेले नव्हे. विषय बहुधा आसपासचेच: जॅकरंडा, गुलमोहर, पिवळा टॅबेबुया. देवदेवता व राजेरजवाडे यांच्या परंपरेत वाढलेल्या म्हैसूर प्रांतात एका माणसाने सार्वजनिक रस्त्यावरील झाडाला इतके महत्त्व द्यावे, ही मला त्याच्या गांधीनिष्ठेचीच एक शाखा वाटते. जे सर्वांचे आहे तेच त्याने रंगवायला निवडले.

ही झाडे येथे आली कशी, हे कब्बन पार्कात हिंडताना सहज मनात येते. सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यात उद्याने उभारणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हर्मान क्रुम्बीगल १९०८ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात आले आणि लालबागेचा कारभार पाहू लागले. एका जातीचा बहर ओसरतो तोच दुसरीने फुलावे, रस्ता बाराही महिने ओका दिसू नये, अशा क्रमाने त्यांनी शहरात वृक्षारोपण करविले. एकाने ऋतूंचे जे वेळापत्रक मातीत घातले, तेच दुसऱ्याने अर्धशतकानंतर कापडावर उतरविले. रुमाले १९८८ साली गेले.

रस्ते रुंद करताना बंगळूरची कितीतरी जुनी झाडे पडली. तेव्हा या चित्रांची नीट सूची व्हावी, कोणते झाड, कोणता रस्ता, कोणता महिना हे शक्य तेथे नोंदवले जावे आणि ती यादी वनखात्याच्या व नगरपालिकेच्या दप्तरी पोहोचावी, असे मला मनापासून वाटते. नवी रोपे कोठे लावायची हे ठरविताना अधिकाऱ्यांच्या हाती असा दाखला दुसरा कोठे असणार?