नुसतें पाहण्यासाठीं

आमच्या वडिलांचा असा दंडक होता कीं, घरांतून निघण्यापूर्वीं हव्या असलेल्या जिनसांची यादी चिटोऱ्यावर लिहावी, यादीबरहुकूम खरेदी करावी आणि दुकानाची पायरी उतरतांच घरचा रस्ता धरावा. गरज नसतां दुकानांत शिरणारा मनुष्य एक तर रिकामटेकडा असला पाहिजे, नाहीं तर कर्जबाजारी होण्याच्या मार्गास लागलेला असला पाहिजे, असें त्यांचें मत. हा दंडक आम्हींही पुढें आपल्या संसारांत निष्ठेनें चालविला. देशावरील एका तालुक्याच्या गांवीं संस्कृत शिकवीत असतां वर्षांतून एकदां-दोनदां पुण्यास जाणें होई. तेथें तुळशीबागेंत शिरलें कीं सौ.चीं पावलें मंद होत. भातुकलीचीं बोटभर पितळी भांडीं, कुंकवाचे रंगीत करंडे, गौरीचे मुखवटे यांनीं वरपासून खालपर्यंत मढविलेलीं तीं चिमुकलीं दुकानें. प्रत्येकापुढें तिला घटकाभर उभें राहावयाचें असे. आणि आम्ही मागून म्हणत असूं, "घ्यायचं आहे कां कांहीं? नाहीं ना? मग चल."

ही जुनी हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतां चिरंजीवांकडे नवी मुंबईंत नेरूळ येथें राहावयास आलों आहों, आणि साठी उलटल्यावर दुकानें नुसतीं पाहण्याचा नाद आम्हांसच लागला आहे.

नवी मुंबई हें आखून वसविलेलें नगर. १९७० सालीं सिडको नांवाचें सरकारी महामंडळ स्थापन झालें, १९७३ मध्यें वाशीजवळ खाडीवरचा पूल रहदारीस खुला झाला, १९९२ मध्यें लोहमार्ग वाशीस पोहोंचला, आणि आगरी-कोळी लोकांच्या जुन्या गांवांभोंवतीं सेक्टरांचे चौकोन उभे राहिले. सोय उत्तम, हें आम्ही मान्य करतों. परंतु पट्टीनें आखलेल्या ओळींतील दुकानें एकमेकांचीं जुळीं भावंडें दिसतात. मोठ्या मॉलांत गेलें तर झगमगाट पुष्कळ. पण तेथील कांचेमागची सजावट दूर कोठेंतरी कोणी ठरवून पाठविलेली असते, आणि तीच सजावट त्याच दिवशीं पुण्यासही दिसते नि दिल्लीसही. तिच्यांत दुकानदाराचा हात दिसत नाहीं. तिच्यापुढें दोन मिनिटांपलीकडे उभें राहवत नाहीं.

बेलापूरचा अर्बन हाट मात्र निराळा. दिल्लीस १९९४ मध्यें 'दिल्ली हाट' सुरू झाला; कारागिरांनीं मध्यस्थावांचून आपला माल आपण विकावा हा त्यामागील हेतु. त्याच जातीचा हा हाट सिडकोनें बेलापुरांत उभारला आहे. येथील गाळे कोणाच्याही कायमच्या मालकीचे नव्हेत. मेळ्यागणिक निरनिराळ्या प्रांतांचे कारागीर येतात, कांहीं दिवस बसतात, आणि गाळा झाडून पुढच्याच्या स्वाधीन करतात. म्हणजे येणाऱ्यास मिळतात त्या कोऱ्या भिंती; त्यांचें दुकान करणें हें त्याच्या अकलेवर. ह्या एका गोष्टीमुळेंच येथें पाहण्यासारखें पुष्कळ असतें.

सूनबाई आणि नात यांच्यासह आम्ही प्रथम गेलों तो दिवस मंगळवारचा. सौ.चे गुडघे चढणीस राजी नसल्यामुळें ती घरींच राहिली. आंत शिरतांच सावंतवाडीच्या खेळण्यांचा गाळा लागला. तेथील वृद्ध चिताऱ्यानें काय केलें होतें, तर गाळ्याची चक्क भाजी-मंडई केली होती! गोणपाट अंथरलेल्या पायऱ्यांवर वेताच्या टोपल्या. त्यांत लाकडी वांगीं, मिरच्या, केळीं, आंबे, सीताफळें. वर एक इवलासा तराजू टांगलेला, आणि पाटीवर खडूनें 'आजचा भाव' लिहिलेला. सूनबाई दुरून म्हणाली, "बाबा, भाजी इथंच घेऊन टाकूं," आणि जवळ गेल्यावर स्वत:शींच हंसली. हीं खेळणीं पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाचीं करतात; तें हलकें व मऊ असल्यामुळें हत्यारास सहज वश होतें. सावंतवाडींत ह्या धंद्याच्या लोकांची चितार आळीच आहे. आमच्या नातीनें एक वांगें उचललें तसें आम्ही संवयीनें "हात लावूं नकोस" म्हणालों. तों म्हातारा म्हणतो, "लावूं दे हो. बघूक पैसे लागनत नाय."

हें वाक्य आम्हांस लागलें. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ंत चारुदत्ताचा मुलगा शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठीं हट्ट धरून मातीच्या गाडीपुढें रडतो, तो प्रसंग आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला. परंतु ती मातीची गाडी कोणी घडविली असेल, तिला रंग होता कीं नव्हता, असा प्रश्न विद्यार्थ्यांस कधीं घातला नाहीं. मेघदूतांत उज्जयिनीच्या बाजारांत मोत्यांचे हार, शंख-शिंपा, पाचू नि पोंवळीं अशीं मांडलेलीं आहेत कीं समुद्रांत आतां पाणीच तेवढें उरलें असावें, असें वर्णन येतें. तो श्लोक प्रक्षिप्त असल्याचें कित्येक पंडितांचें मत आहे. असेल, पण ज्यानें कोणी तो घातला, तो त्या बाजारांतून यादी हातांत घेऊन खास चालला नव्हता. संस्कृतांत बाजारास 'आपण' असा एक शब्द आहे. मराठींत 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही. ह्या दोन शब्दांचें मूळ एक नव्हे, हें व्याकरण जाणणाऱ्यास सांगावयास नको. तथापि त्या दिवशीं हाटांत तो विनोद आठवून आमचें आम्हांसच हंसूं आलें.

पुढें मराठवाड्यालगतच्या बिदरचा गाळा. इतरांनीं माल खच्चून भरलेला, आणि ह्या गृहस्थानें पांढऱ्या चादरीवर अवघ्या सात-आठ काळ्याभोर वस्तु मांडलेल्या. दोहोंमध्यें हातभर अंतर. जस्तांत थोडें तांबें मिसळून ओतलेली वस्तु कोरावयाची, कोरलेल्या रेषांत चांदीची तार ठोकून बसवावयाची, आणि अखेर बिदरच्या किल्ल्यांतील जुनी माती नि नवसागर यांच्या लेपानें ती चोळावयाची. धातु काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. बाकीचा माल त्यानें पेटींत ठेवला होता. सगळें दाखविलें असतें तर एकही दिसलें नसतें, हें त्यास कोणत्या शाळेंत शिकविलें कोण जाणे.

सर्वांत शेवटीं डहाणूकडील एका वारली बाईचा गाळा. तिनें मागची फळी गेरूनें सारविली होती आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हां ती पांढऱ्या रंगानें तीवर चित्र काढीत बसली होती. मूळची ही कला झोंपडीच्या भिंतीवरची; लग्नप्रसंगीं सुवासिनींनीं तांदळाच्या पिठानें, बांबूच्या काडीचें टोंक चावून केलेल्या कुंचल्यानें लिहावयाची. ती कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा मशे यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें ते वारले. ह्या बाईच्या फळीवर त्या दिवशीं एक तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोंवतीं नाचणाऱ्यांचें अर्धेंच वर्तुळ होतें.

घरीं आल्यावर सौ.नें विचारलें, "काय काय पाहिलंत?"

आम्हीं म्हटलें, "छान होतं सगळं."

"तें मी न जातांही सांगितलं असतं. पैठणी होती? काठ नारळी होता कीं दुसरा? बिदरच्या डबीवर वेल कसला होता?"

तीनही प्रश्नांस आम्ही अनुत्तीर्ण! पैठणीचा गाळा होता एवढें स्मरत होतें. सौ. हंसली आणि म्हणाली, "तुळशीबागेंत रामाच्या देवळाकडून येतांना डाव्या हाताचं तिसरं दुकान. हिरवा करंडा, त्याची गुंडी लाल. त्याच्यावर काळ्या मण्यांच्या पोती टांगलेल्या, आणि आरसा असा बसवलेला कीं एक करंडा असून दोन दिसावे." ही गोष्ट तीस वर्षांपूर्वींची. आम्हांस त्यांतील एक अक्षर आठवेना. आम्हीं विचारलें, "त्या दुकानापुढं आपण किती वेळ उभे होतों?"

"तुम्ही 'चल' म्हणेपर्यंत."

ह्यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. गुरुवारीं आम्ही एकटेच पुन्हां हाटांत गेलों. ह्या खेपेस वही आणि पेन्सिल घेऊन. पैठणीवाल्यानें एक पदर उलटा धरून दाखविला; उलट आणि सुलट यांत फरक दिसेना. काठ नारळीच होता, पदरांत बांगडी-मोर. बिदरच्या डबीवर वेल द्राक्षाचा नव्हे, साधा फुलांचा. पानें मोजलीं तीं अकरा. मंडईंतील वांग्यांचे देंठ तीन प्रकारच्या हिरव्या रंगांत होते. हें सारें टिपून घेत असतां एक सुशिक्षित दिसणारे गृहस्थ चिताऱ्याशीं दहा रुपयांवरून घासाघीस करीत होते. मॉलांतील चिठ्ठीवरचा आंकडा हींच माणसें मुकाट्यानें देतात. आपल्या हातानें वस्तु करणाऱ्याशींच तेवढी घासाघीस करावी, ही रीत आम्हांस समजत नाहीं. आम्हीं एक वांगें घेतलें, सांगितला तो भाव देऊन. नुसतें पाहण्यास पैसे पडत नाहींत हें खरें; परंतु दुसऱ्यांदा तसेंच परत फिरणें जिवावर आलें.

वारली बाईच्या फळीवर वर्तुळ आतां जवळजवळ पुरें झालें होतें. दोन माणसांची जागा मोकळी होती. एका कोपऱ्यांत झाड आलें होतें, त्यावर माकड. आम्ही तेथें अर्धा तास बसलों. तिनें स्टूल पुढें केलें, आणि तोंड न फिरवितां रेघा ओढीत राहिली.

संध्याकाळीं वही उघडून आम्हीं सौ.ला सर्व वाचून दाखविलें. वांगें तिच्या हातांत होतें. ती त्यावरून आंगठा फिरवीत ऐकत होती. पानें अकरा म्हटल्यावर तिनें मान हलविली. माकडापाशीं आलों तेव्हां तिनें विचारलें, "आणि त्या बाईचं नांव काय?"

आम्हीं वहीचीं पानें उलटलीं. आठ पानें भरलीं होतीं. नांव नव्हतें.

"मेळा कधीपर्यंत आहे?"

"रविवारपर्यंत."

"मग उद्यां रिक्षा दाराशीं बोलवा. चढेन मी हळूहळू. आणि तुम्ही पुढं चालायचं नाहीं."