नाकातली चमकी

१८५५ साली तंजावरातलं भोसल्यांचं राज्य गेलं, पण राजवाड्याजवळच्या काही घरांतून तमिळ हेलाची मराठी अजून कानी पडते. अशाच एका घरातल्या निवृत्त मास्तरांनी आईच्या कृष्णधवल निगेटिव्ह घरच्या स्कॅनरवर उतरवायला घेतल्या.

पहिल्याच दिवशी प्रत्येक फोटोत एकाच जागी उभी रेघ! फिल्मच गेली, म्हणून मास्तर हबकले. सुनेनं पट्टी फिरवून उलट्या बाजूनं घातली, तरी रेघ जागची हलेना. म्हणजे खोट काचेवरच्या धुळीची. काच पुसली, रेघ गेली. काही फोटोंत पाण्यावरच्या तेलासारखी वलयं होती. वाकलेली फिल्म काचेला टेकली की ती उमटतात. पट्ट्या जाड पुस्तकाखाली दाबून सपाट केल्या.

मग मास्तरांनी ‘धूळ काढा’चं बटण दाबलं आणि आईच्या नाकातली हिऱ्याची चमकीच नाहीशी झाली!

त्याचं असं होतं. रंगीत फिल्ममधून अवरक्त किरण आरपार जातात, धुळीपाशी अडतात. त्यावरून यंत्र धूळ ओळखतं. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही त्यांना अडवते. लखलखता हिरा म्हणजे निगेटिव्हवर दाट चांदीचा ठिपका. यंत्रानं तो कचरा समजून पुसला.

ती चमकी मास्तरांच्या कॉलेजच्या फीपायी मोडली होती. उरली ती एवढ्या फोटोतच.

बटण बंद झालं. मास्तर मऊ ब्रशनं एकेक कण झटकत बसले.

‘‘मामंजी, गालावर बुरशीचा डाग राहतोय,’’ सून म्हणाली.

‘‘राहू दे गं. चमकी दिसते ना?’’